रात्रीच्या स्वयंपाकातून सकाळचा डबा : बेंतोच्या पद्धतीने कसा भरावा

ठाण्याहून महापेला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाचा डबा सकाळी सात वाजता भरला जातो आणि दुपारी एक वाजता उघडला जातो. मधल्या सहा तासांत तो ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत उभा-आडवा होतो, कोपरखैरणेला उतरल्यावर रिक्षात हिंदकळतो आणि पुढे ऑफिसात टेबलाखालच्या पिशवीत पडून राहतो. डब्यात काय द्यावे हा विचार आपण रोज करतो. परंतु दिलेल्या पदार्थाचे सहा तासांनी काय झालेले असेल, हा विचार त्याच्याही आधी करायला हवा. जपानी बेंतोची, म्हणजे तिथल्या जेवणाच्या डब्याची, पद्धत मला आपलीशी वाटते ती याच कारणाने. सजवलेल्या भाताच्या गोळ्यांची छायाचित्रे पाहून अनेकांना ती हौसेची गोष्ट वाटते, पण तिचा गाभा अगदी व्यवहारी आहे: काही तासांनंतर, न तापवता खाल्ले जाणारे जेवण कोरडे असावे, घासाघासाचे असावे, आणि डब्यात इतके घट्ट बसवलेले असावे की हलवले तरी एका पदार्थाची चव दुसऱ्याला लागू नये.

मुंबईत १८९० च्या सुमारास सुरू झालेली डबेवाल्यांची व्यवस्था वेगळ्या गरजेतून उभी राहिली. तिथे घरी सकाळी उशिरा रांधलेले अन्न जेवणाच्या वेळेपर्यंत पोचवले जाते, त्यामुळे उभ्या, तीन-चार पुडांच्या डब्यात आमटी आणि रस्साभाजी देणे शक्य होते. स्वतःचा डबा सातला घेऊन निघणाऱ्याला ती सोय नाही. त्याला पसरट डबा आणि कोरडे पदार्थ लागतात, आणि असे पदार्थ पहाटे पाचला उठून करण्यापेक्षा आदल्या रात्रीच्या स्वयंपाकातून आणि फडताळातल्या बरण्यांतून काढणे कितीतरी सोपे असते.

आधी डब्याचे काढावे

माझ्या सासूबाईंचा नियम आहे, "आधी डब्याचं काढ, मग पानं घे." लग्नानंतर पहिली काही वर्षे मला तो उगाच शिस्तीचा भाग वाटत असे. आता वाटते की या लेखात सांगण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती हीच आहे. बहुतेक घरांत सगळ्यांची जेवणे झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे राहते ते सकाळच्या डब्यात जाते. त्या अन्नात तोवर चार वेळा डाव बुडालेला असतो, क्वचित ताटाला लागलेला चमचाही गेलेला असतो, आणि ते दीड-दोन तास ओट्यावर कोमट अवस्थेत उभे असते. जिवाणू वाढायला याहून सोयीची परिस्थिती नाही. ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस या तापमानाच्या पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत, फ्रिजमध्ये गेले पाहिजे असे सांगितले जाते. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत हा एक तासाचा हिशेब धरूनच चालावे.

तेव्हा गॅस बंद केल्यावर, पाने मांडण्यापूर्वी, कोरड्या आणि स्वच्छ डावाने डब्यापुरते अन्न वेगळे काढावे. भात काढायचा असेल तर तो वाटीत दाबून ठेवू नये. पसरट ताटात बोटभर जाडीचा थर पसरावा आणि पंधरा-वीस मिनिटे पंख्याखाली ठेवावा. खोल भांड्यातला भात वरून गार लागतो, पण मध्यभागी बोट घातले तर तासाभरानेही चटका बसावा इतका गरम असतो. उसळ, भाजी, पिठले यांचेही तसेच. वाफ पूर्ण जिरली की झाकणाच्या डब्यात भरून ते फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवावे. दाराच्या कप्प्यात ठेवू नये, कारण दार उघडझाप झाले की तिथले तापमान सर्वांत जास्त हलते.

भाताबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही टिकतात. शिजलेला भात बाहेर राहिला की ते रुजतात, आणि त्यांतल्या काही जातींनी तयार केलेले विष पुन्हा कितीही तापवले तरी नष्ट होत नाही. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी खमंग फोडणी दिली की तो चालतो, ही समजूत धोक्याची आहे. रात्री वेळेवर फ्रिजमध्ये गेलेला भात सकाळी वापरावा. राहून गेलेला भात टाकताना जीव तुटतो हे मला मान्य आहे, पण तो डब्यात देऊ नये.

सकाळची वीस मिनिटे

फ्रिजमधून काढलेला पदार्थ तसाच डब्यात भरू नये. तो आधी आतपर्यंत वाफ येईल इतका, म्हणजे साधारण ७४ अंशांपर्यंत, तापवावा आणि त्याच वेळी त्यातले पाणी आटवून घ्यावे. हे तापवणे एकदाच. डब्यातून परत आलेले अन्न संध्याकाळी पुन्हा तापवून वाढण्याचा मोह टाळावा.

यानंतरची पायरी बहुतेक घरांत वगळली जाते, आणि डबा बिघडतो तो याच ठिकाणी. गरम अन्न भरून लगेच झाकण लावले की वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते, ते थेंब पोळीवर आणि भाजीवर टपकतात, आणि बंद डबा तासन् तास कोमट राहतो. एका मे महिन्यात मी वालाच्या उसळीवर ओले खोबरे पेरून डबा असाच गरम बंद केला होता. एक वाजता झाकण उघडताना हलका फुस्स आवाज आला; उसळीच्या कडेला बारीक बुडबुडे धरले होते, चमच्याला तार सुटत होती आणि आंबूस वास पिशवीभर पसरला होता. तेव्हापासून आमच्याकडे डब्यातले सगळे पदार्थ आधी ताटलीत काढून पंख्याखाली निवतात आणि हाताला अजिबात ऊब लागेनाशी झाल्यावरच झाकण लागते. सकाळच्या क्रमातच ते बसवले की वेळ वेगळा जात नाही: उठल्याबरोबर पदार्थ तापवावा, ताटलीत पसरावा, आणि तो निवेपर्यंत अंघोळ, चहा उरकावा.

रात्रीच्या पदार्थाचे सकाळी काय करावे

रात्रीचा पदार्थ त्याच रूपात सकाळी दिला तर खाणाऱ्याला कंटाळा येतो आणि डब्यालाही तो सोसत नाही. रूप बदलायचे ते मुख्यतः पाणी कमी करण्यासाठी, चव पालटते हा वरचा लाभ.

उसळ डब्यासाठी काढतानाच झाऱ्याने निथळून काढावी. सकाळी लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात ती मोठ्या आचेवर परतावी, दाणे एकमेकांपासून सुटे झाले की चिमूटभर गोडा मसाला आणि दोन चमचे दाण्याचे किंवा डाळ्याचे कूट घालावे. कूट उरलेला ओलावा शोषून घेते. जपानी गृहिणी हेच काम कुटलेल्या तिळांकडून करून घेतात, आणि आपल्याकडे घरात तिळाचे कूट असेल तर मटकीला तेही फार छान लागते. ओले खोबरे मात्र उन्हाळा लागल्यापासून पावसाळा संपेपर्यंत डब्यात घालूच नये. हवेच असेल तर सुके खोबरे भाजून, चुरून घालावे.

घट्ट वरण उरणार असे दिसले की सकाळी त्यात बसेल तितकी कणीक, तिखट, मीठ, ओवा आणि हळद घालून घट्ट पीठ मळावे. पाण्याचा थेंबही लागत नाही. त्याचे पराठे किंवा पुऱ्या गार झाल्यावरही मऊ राहतात. पराठे भाजून गार झाल्यावर चार तुकडे करून, एकमेकांवर कलते ठेवून डब्याच्या लांबीत बसवावेत.

पिठल्याचा विचार रात्रीच करावा लागतो. डब्यापुरते पिठले कढईत मागे ठेवून आणखी पाच-सात मिनिटे आटवावे, उलथण्याला गोळा धरू लागला की तेल लावलेल्या ताटलीत अर्धा इंच जाडीचे थापावे आणि गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी सुरीने चौकोन पाडून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजले की पाटवडीच्या वळणाचा पदार्थ तयार होतो. बेंतोत असावा तसाच तो आहे: हाताने उचलता येतो, गळत नाही, आणि गार खाल्ला तरी चवीला कमी पडत नाही. कोथिंबीर वडी आणि अळूवडी यांचे उंडे आदल्या दिवशी उकडून ठेवण्याची आपली पद्धतही या कामी उत्तम आहे.

भाताचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे थालीपीठ: वाटीभर भात हाताने पूर्ण कुस्करावा, त्यात अर्धी वाटी भाजणी, बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ घालून पातळ थापावे आणि झाकण ठेवून, मग झाकण काढून, दोन्ही बाजूंनी कोरडे होईपर्यंत भाजावे. दुसरा मार्ग जपानी ओनिगिरीचा, म्हणजे मिठाच्या ओल्या हातांनी दाबून बांधलेल्या भाताच्या मुटक्यांचा. कोलमच्या मोकळ्या भाताचे मुटके फुटतात. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर चिकट असल्याने नीट बांधले जातात. फ्रिजमध्ये भात कडक होतो कारण त्यातला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा आवळून बसतो. पाण्याचा हबका मारून, झाकून वाफवला की तो परत मऊ होतो, आणि बांधायचा तो त्यानंतरच. बांधताना उघड्या हातांऐवजी स्वच्छ प्लास्टिकचा कागद वापरलेला बरा, कारण या पदार्थाला नंतर आच लागत नाही. मुटक्यांच्या पोटात कैरीच्या किंवा लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवावी. जपानमध्ये तिथे उमेबोशी हे खारवलेले आंबट फळ ठेवतात; मीठ आणि आंबटपणा यांच्या आधाराने अन्न टिकवण्याची ही समज दोन्हीकडे सारखीच आहे. मात्र लोणच्याची फोड तिच्याभोवतीचा थोडाच भात राखते, म्हणून तिच्या भरवशावर बाकीची काळजी सोडू नये.

पोळ्या उरल्या असतील तर कुस्करा सगळ्यांनाच माहीत आहे. डब्यासाठी मी तो जरा कोरडा करते आणि त्यात दाणे जास्त घालते. सुक्या बटाट्याच्या भाजीचे पराठे करावेत, मेथी किंवा कोबीची परतलेली भाजी धिरड्याच्या पिठात मिसळावी. रस्साभाजी, कढी, सांबार आणि पनीरच्या दाट रश्श्याच्या भाज्या घरीच रात्री संपवाव्यात; त्यांच्यासाठी डब्यात जागा शोधू नये. अंडे द्यायचे तर बलक पूर्ण घट्ट झालेले असावे. मासे खाणाऱ्या घरांत तळलेल्या तुकडीपेक्षा सुक्या जवळ्याची कोरडी चटणी डब्याला कितीतरी भरवशाची.

फडताळातला साठा

रात्रीच्या जेवणातून डब्याचा मोठा भाग मिळतो, पण तो पुरा होतो तो बरण्यांमुळे. आमच्याकडे एका खणात फक्त डब्याच्या वस्तू असतात: शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची आणि लसणीची कोरडी चटणी, मेतकूट, भाजणी, बेसन, डाळे, जाड पोहे, भाजलेला रवा, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर आणि मनुका. रात्री काहीच उरले नाही तर यांतूनच डबा उभा राहतो. भाजणीचे थालीपीठ, मेतकूट लावून तुपात परतलेले पोहे किंवा बेसन-रव्याचे धिरडे यांपैकी एक, सोबत कोरडी चटणी, काकडी आणि लाडू, एवढे जमायला पाऊण तास लागत नाही.

चटण्यांच्या बरण्यांत ओला चमचा जाऊ देऊ नये, आणि जून ते सप्टेंबरमध्ये तर बरणी छोटीच काढावी. खाडीकाठच्या या दमट हवेत मोठी बरणी रोज उघडली की आठवडाभरात जवसाच्या चटणीला खवट वास येऊ लागतो. मोठा साठा फ्रिजमध्ये आणि आठवड्याची छोटी बरणी बाहेर, अशी विभागणी केली की वाया जात नाही.

डबा आणि भरण्याचा क्रम

डबा पसरट, घट्ट झाकणाचा आणि शक्यतो स्टीलचा घ्यावा. ऑफिसात मायक्रोवेव्ह वापरायचा असेल तर स्टीलचा डबा त्यात चालत नाही, तेव्हा जेवण ताटलीत काढून तापवावे. काचेचा डबा चालतो, पण गर्दीच्या लोकलमध्ये त्याचे वजन खांद्याला जाणवते. पोळी वर्तमानपत्रात गुंडाळू नये. छपाईच्या शाईतले घातक घटक अन्नात उतरतात, म्हणून भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच तसे न करण्याची सूचना दिलेली आहे. धुतलेला सुती रुमाल याहून चांगला, आणि तो पोळीची वाफही टिपतो.

प्रमाणासाठी जपानमध्ये एक ठोकताळा सांगतात: डब्याच्या जागेचे सहा भाग कल्पावेत, त्यांतले तीन भात-पोळीचे, एक डाळ, अंडे, मासे यांसारख्या पौष्टिक पदार्थाचा आणि दोन भाज्यांचे. आपल्या डब्यात भाजी नेहमी कमी पडते, कारण आपण पोळ्या मोजतो आणि भाजी मोजत नाही. या ठोकताळ्याने ती चूक सहज दिसून येते. ऑफिसला जाणाऱ्या मोठ्या माणसाला सातशे ते आठशे मिलिलिटरचा आणि प्राथमिक शाळेतल्या मुलाला साधारण पाचशे मिलिलिटरचा डबा मला पुरेसा वाटतो.

भरताना सर्वांत मोठा आणि न दबणारा पदार्थ आधी एका कडेला लावावा: पराठ्याचे तुकडे, थालीपीठ किंवा मुटके. त्याला टेकून वड्या उभ्या लावाव्यात. त्यानंतर उसळ किंवा भाजी, आणि तिच्यासाठी शक्यतो छोटी स्टीलची वाटी. वाटी नसेल तर केळीच्या पानाचा तुकडा आडवा लावावा. जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेले पान पुसून, गॅसच्या आचेवरून झरझर फिरवले की त्याचा रंग गडद होतो आणि ते न फाटता वाकते. दोन पदार्थांमध्ये पान उभे राहिले की उसळीचे तेल पराठ्याला लागत नाही, आणि झाकण उघडल्यावर जो मंद वास येतो त्याने जेवण गार आहे हे विसरायला होते. शेवटी फटी बुजवाव्यात. बेंतोतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही फटी बुजवण्याची आहे, कारण मोकळी जागा राहिली की लोकलच्या एका धक्क्यात सगळा डबा एका कोपऱ्यात गोळा होतो. गाजराच्या वाफवलेल्या काड्या, भाजलेले शेंगदाणे, दोन खजूर, मक्याचे परतलेले दाणे, यांनी कोपरे भरावेत. झाकण लावून डबा हलक्या हाताने तिरका करावा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर अजून एखादी काडी बसते असे समजावे.

काकडी, टोमॅटो चिरून मीठ लावून कधीही देऊ नये. मिठाने पाणी सुटते आणि तासाभरात डब्यात तळे होते. काकडी धुऊन, कोरडी पुसून, उभ्या फोडी करून वेगळ्या छोट्या डबीत द्यावी आणि मीठ-तिखटाची पुडी सोबत असावी. दह्यालाही स्वतंत्र, घट्ट झाकणाची वाटी हवी.

ऋतूप्रमाणे

शिजवलेले अन्न बाहेर दोनच तास ठेवावे असे वर लिहिले आणि डबा तर सहा तास राहतो, मग याचा मेळ कसा घालावा? ऑफिसात फ्रिज असेल तर पोचल्याबरोबर डबा त्यात ठेवावा. तासाभराच्या प्रवासानंतर हा प्रश्न तिथेच सुटतो. फ्रिज नसेल तर थर्मलची पिशवी आणि रात्रभर गोठवलेली जेलची थैली वापरावी, आणि ती थैली डब्याच्या वर ठेवावी, कारण गारवा खाली उतरतो. पाण्याची छोटी बाटली पाऊण भरून गोठवली तरी चालते. तिच्यावर सुटणाऱ्या पाण्यासाठी भोवती पंचा गुंडाळावा. दोन्ही सोयी नसतील तर मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत भात, अंडे, बटाटा, डाळ आणि वाटलेले खोबरे या पाचांना डब्यात जागा देऊ नये. तव्यावर कोरडी भाजलेली पोळी किंवा भाकरी, तेलावर परतलेली सुकी भाजी, कोरडी चटणी, गूळ-दाणे आणि फळ एवढ्यावर त्या दिवसांचे डबे बेतावेत. बेसनाच्या वड्या आणि उसळ फ्रिज असेल तेव्हाच द्याव्यात. मुलांच्या शाळेत फ्रिजची सोय सहसा नसते, पण तिथे छोटी सुट्टी लवकर होते. तेव्हा लवकर बिघडणारा पदार्थ छोट्या सुट्टीच्या डब्यात आणि टिकाऊ पदार्थ मोठ्या सुट्टीच्या डब्यात, अशी अदलाबदल करता येते.

पावसाळ्यात पापड, कुरडई, चिवडा या कुरकुरीत वस्तू जेवणाच्या डब्यात ठेवल्या तर चामट होतात. त्या लहान हवाबंद डबीत वेगळ्या द्याव्यात. डिसेंबर-जानेवारीत नियम थोडे सैल करता येतात, तरी गरम डबा बंद न करण्याचा नियम बारा महिने पाळावा.

संध्याकाळी डबा परत आला की तो लगेच उघडून पाहावा. झाकणाची रबरी कडी काढून वेगळी घासावी, कारण तिच्या खाचेत तेलकट ओलावा राहतो आणि दुसऱ्या दिवशीच्या स्वच्छ डब्यालाही त्याचा वास लागतो. आठवड्यातून एकदा ती व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटे बुडवून, पुसून, उघडी वाळवावी. आणि घासण्यापूर्वी आत काय उरले आहे तेही पाहावे. गाजराच्या काड्या तीन दिवस तशाच परत आल्या तर चौथ्या दिवशी त्यांच्या जागी मुळ्याचा परतलेला पाला किंवा भोपळ्याच्या भाजलेल्या फोडी द्याव्यात, वड्या पुरल्या नाहीत असे कळले तर त्या रात्री पिठले वाटीभर जास्त लावावे, आणि पाने घेण्याआधी ते बाजूला काढावे.